जुन्या सुट्या भागांचा ऑनलाइन हर्रास : गिऱ्हाईक बोलीवर येते कशाने?

आमच्या आसेगावात हर्रास हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाजार समितीच्या आवारात तुरीचा, सोयाबीनचा ढीग पडतो. अडत्या हाक देतो. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल वर काढतो, दाताखाली एक दाणा फोडून ओल पाहतो आणि मगच तोंडातून भाव काढतो. गुरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, तरी त्याआधी बैलाचे दात मोजलेले असतात, त्याला चार पावले चालवून पाहिलेले असते. बोली लावणारा आधी हात लावतो आणि मग बोलतो, ही आपली शेकडो वर्षांची रीत आहे.

मोबाईलवरच्या हर्रासात नेमकी हीच सोय नाही. कोल्हापूरचा माणूस आसेगावातल्या गिअरबॉक्समध्ये बोट घालू शकत नाही. या एका फरकातून या धंद्याचे सगळे प्रश्न निघतात, असे माझे मत झाले आहे.

मी कापडाचा व्यापारी. गाड्यांच्या सुट्या भागांवर मी का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे कारण माझा भाचा. त्याचे गॅरेज आहे आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षांत उतरवून ठेवलेला माल आहे: मारुती 800 चे दरवाजे, जीपचे डायल, प्रीमियर पद्मिनीचे दिवे, यामाहा आरएक्स 100 ची सिलिंडरे. रस्त्यावरचे चालते गिऱ्हाईक कमी झाले तेव्हा त्याने हा माल मोबाईलवरून बोलीने विकायला घेतला. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या हाती निराशाच आली. मग एके दिवशी तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘मामू, माल चांगला आहे, लोक बघून जातात, पण बोलत कुणी नाही.’’ या वाक्याने मला विचार करायला लावले, कारण कापडाच्या दुकानात हे दुखणे आम्ही रोज पाहतो. गिऱ्हाईक थान उलगडायला लावते आणि ‘बघून येतो’ म्हणून निघून जाते. ते जाते तेव्हा त्याच्या मनात कसलीतरी शंका राहिलेली असते.

आपल्या बिरादरीत मिस्त्री, डेंटर, रेडिएटरवाले, बॅटरीवाले, कुशनचे काम करणारे पुष्कळ आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार, चोरबाजारातील मटण स्ट्रीट, दिल्लीचे मायापुरी, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, या नावांवर हजारो घरांची चूल पेटत आली आहे. हा धंदा आता दोन बाजूंनी आवळला जात आहे. एक बाजू कायद्याची. 2021 च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम काढले. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही आणि त्या गाड्या अशा केंद्रांकडेच द्याव्या लागतात. पूर्वी सरकारी खात्याची जुनी जीप लिलावात घेऊन तिचे भाग विकणारा लहान माणूस त्या रांगेतून बाहेर पडला. दुसरी बाजू संशयाची. मेरठचा सोतीगंज हा सुट्या भागांचा मोठा बाजार चोरीच्या गाड्या तोडल्या जातात म्हणून 2021 च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी बंद पाडला. चोरीचा माल विकणारे तिथे होते यात वाद नाही. पण शेजारच्या दुकानात कागद सांभाळून धंदा करणारा जो कोणी होता, त्याचेही शटर त्याच दिवशी खाली आले. जुन्या भागांच्या व्यापाऱ्याकडे लोक आधीच तिरक्या नजरेने पाहतात, आणि तो आपल्यातला असला म्हणजे नजर आणखी तिरकी होते. तेव्हा गिऱ्हाईक ओढण्याची युक्ती म्हणून लोक जे शिकवतात, म्हणजे चमकदार फोटो, मोठी अक्षरे, ‘लवकर करा, शेवटचा नग’, ते आपल्या कामाचे नाही. आपल्याला आधी शंका काढायची आहे.

भाच्याच्या जाहिराती मी त्याच्याकडून वाचून घेतल्या. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी अक्षर लावून वाचतो. तरी एक चूक माझ्याही ध्यानात आली नाही; ती त्याच्या मुलीने काढली. ब्रेकच्या ड्रमची जाहिरात होती आणि त्यात ‘ब्रेक’चे स्पेलिंग गाडी थांबवण्याच्या ब्रेकचे नव्हते, काच फोडण्याच्या ब्रेकचे होते. यात हसण्यासारखे आहे, पण नुकसान खरे आहे. बाजारात गिऱ्हाईक फिरत फिरत दुकानापाशी येते. इथे ते शब्द टाकून शोधते, आणि शब्द जुळला नाही तर तुमचे दुकान त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. परदेशी ईबेवर तर शीर्षकाला जेमतेम 80 अक्षरांची जागा मिळते. त्यात ‘सुंदर’, ‘एक नंबर’ असले शब्द घालून जागा घालवण्यात काय अर्थ? गाडीचे नाव, मॉडेल, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या गाडीला बसतो, डावा की उजवा, आणि भागावर कोरलेला नंबर, एवढे त्यात आले पाहिजे. तो नंबर सगळ्यांत मोलाचा. जाणता मिस्त्री नावाने शोधत नाही, नंबराने शोधतो. आमच्या धंद्यात जाणता दर्जी येऊन ‘चांगला कपडा दाखवा’ म्हणत नाही, तो सूत आणि पन्हा विचारतो, तसेच हे.

फोटोंचा प्रश्न मी माझ्या परीने सोडवला. भाचा ऑइलने माखलेल्या फरशीवर भाग ठेवून रात्री फ्लॅश मारून फोटो काढत असे. काळ्या जमिनीवर काळा भाग, आणि वर मधोमध पांढरा झगझगाट. मी त्याला दुकानातून अडीच मीटर पांढरा लठ्ठा फाडून दिला आणि सांगितले, सकाळी दहाच्या उजेडात शेडच्या दारात हा अंथर. त्यावर भाग धुऊन, पुसून, कोरडा करून ठेव. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, नंबराचा जवळून, जिथे बोल्ट बसतो त्या कानांचा जवळून, आणि जिथे तडा, गंज किंवा झीज आहे तिथला सगळ्यांत जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. नाण्यामुळे तडा किती मोठा हे समजते. भाग रंगवू नको. जुन्या भागाला ताजा रंग मारला की जाणते गिऱ्हाईक समजते, खाली काहीतरी झाकले आहे.

तडा दाखवायचा म्हटल्यावर भाच्याने जी हरकत घेतली ती वाचकांपैकी अनेकांच्या मनात असेल. तो म्हणाला, ‘‘मामू, तुमचा कपडा अन् माझा गिअरबॉक्स एक नाही. ऐब आधीच सांगितला तर बोली कोण लावील?’’

मी त्याला इमाम अबू हनीफा (रह.) यांची गोष्ट सांगितली. आपण त्यांना फिकहचे इमाम म्हणून ओळखतो, पण कूफा शहरात ते कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रांत नमूद आहे की त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठवला, त्यात एका कापडात दोष होता, आणि विकताना तो दोष सांगावा असे कळवले होते. भागीदार विसरला आणि माल विकला गेला. गिऱ्हाईक कोण होते तेही कळेना. तेव्हा इमाम साहेबांनी त्या सौद्याची सगळी रक्कम सदका करून टाकली. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून खालची ओल बाहेर काढणारे आणि ती वर का ठेवली नाही असे विचारणारे प्रेषित (स.) तर प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहेत. बाजार समितीत कोपरापर्यंत हात घालणारा व्यापारी पाहिला की मला ती हदीस आठवते.

पण मी भाच्याला दीनच सांगून थांबलो नाही, हिशेबही सांगितला. त्याच्याच वहीत होता. त्याने एक अल्टरनेटर ‘एकदम ओके’ लिहून विकला होता. पुण्याच्या गिऱ्हाइकाने लावून पाहिला, चार्जिंग धरीना. माल परत आला. जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे, पॅकिंग आणि दोन दिवस फोनवरचे शब्द, सगळे याच्या माथी. आणि ज्या मोबाईलवरच्या गटात तो सौदा झाला तिथे सगळ्यांनी ते वाचले. त्याच गटात पुढे त्याने दुसरा अल्टरनेटर टाकला, पण या वेळी लिहिले: बेअरिंगचा आवाज आहे, बदलावे लागेल, बॅटरीला जोडून चालवला, चार्जिंग 14 व्होल्ट दाखवतो, मीटरचा फोटो सोबत. त्यावर पाच जणांनी बोली लावली. कारण उघड आहे. बेअरिंगची किंमत मिस्त्रीला ठाऊक असते, ती वजा करून तो निश्चिंत मनाने बोलतो. न सांगितलेल्या दोषाची किंमत कुणाला ठाऊक नसते, म्हणून तो सगळ्यांत वाईट कल्पना करून बोलतो किंवा बोलतच नाही. सांगितलेला ऐब शंभर-दोनशे रुपये कमी करतो. लपलेला किती खाईल याला सीमा नाही.

आता बोलीविषयी. लिलाव शरीअतमध्ये जायज आहे काय, असे काही लोक विचारतात, कारण दुसऱ्याच्या सौद्यावर सौदा करू नये अशी मनाई आहे. ती मनाई भाव ठरून सौदा पक्का होत आलेला असताना मध्ये पडण्याची आहे. खुल्या बोलीत सौदा ठरलेलाच नसतो. हज़रत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली अन्सारी गृहस्थाची हकीकत अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. मागायला आलेल्या त्या गृहस्थाच्या घरी एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी प्यायचा पेला एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते मागवले, हातात घेतले आणि लोकांना विचारले. एकाने एक दिरहम म्हटला, अधिक कोण देतो असे पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्यांतल्या एकाचे घरात अन्न गेले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आली, आणि तो माणूस लाकूडतोड करून कमावू लागला. जुना, वापरलेला माल, खुल्या बोलीत, आणि त्यातून कारागिराचे अवजार! मला तर ही हकीकत जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यासाठीच जपून ठेवल्यासारखी वाटते. यात एक गोष्ट पाहा: माल हातात धरून सगळ्यांना दाखवला गेला आणि भाव देणाऱ्यांनीच वाढवला.

याच्या उलट नजश. घेण्याचा इरादा नसताना दुसऱ्याला फसवून भाव चढवण्यासाठी बोली लावणे, याची मनाई बुखारी व मुस्लिम यांत स्पष्ट आहे. मोबाईलवर ही गोष्ट फार सोपी झाली आहे. एक मित्र, एक जादा सिमकार्ड, दुसरे नाव. माझ्या भाच्यानेही हे एकदा केले, आणि त्याच्या परवानगीने लिहितो. पद्मिनीच्या पुढच्या दिव्यांची जोडी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी बंद होऊन काळ लोटला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती आणि तीही वीस वर्षे पूर्ण करून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे शौकीन लोक तिच्या भागांसाठी चांगले पैसे मोजतात. भाच्याने मित्राला बोलीवर बसवले. खरे गिऱ्हाईक तीन वेळा वर गेले, चौथ्या वेळी थांबले. दिवे मित्राच्या नावावर सुटले. आठ दिवसांनी तेच दिवे पुन्हा बोलीवर आले तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाने सगळ्यांसमोर लिहिले, ‘‘मागच्या वेळी घेणारा कुठे गेला?’’ त्या जोडीला पुढे कुणी विचारले नाही. ईबेसारख्या ठिकाणीही असल्या बोलीला बंदी आहे आणि पकडले गेल्यास खाते बंद होते. पण माझ्या मते मोबाईलच्या गटातली शरम त्याहून कडक शिक्षा आहे, कारण तिथले दोनशे लोक वीस वर्षे तेच राहणार आहेत.

मग बोली वाढावी कशी? सुरुवातीचा भाव कमी ठेवावा, असे सगळे सांगतात. हे अर्धे खरे आहे. कमी भावाने दहा जण थांबतात, त्यातल्या तिघांनी एकदा बोली लावली की वस्तू त्यांना आपली वाटू लागते आणि ते सोडत नाहीत. पण त्यासाठी मुळात तिघे घेणारे असावे लागतात. आरएक्स 100 ची मागणी सर्वत्र आहे. ती गाडी 1985 मध्ये आली, 1996 मध्ये बंद झाली, आणि तिचे वेड अजून उतरलेले नाही. तिच्या अस्सल सिलिंडरची बोली निम्म्या भावापासून सुरू केली तरी भीती नाही. एखाद्या कमी चाललेल्या गाडीचा डाव्या बाजूचा काच-गिअर मात्र देशात वर्षाला दोघांनाच लागत असेल. तो कमी भावाने बोलीवर टाकला तर एकच माणूस येईल आणि पाण्याच्या भावात घेऊन जाईल. असल्या भागाला ठरलेला भाव लावून महिनोन्महिने ठेवून द्यावे. किमान भाव गुप्त ठेवण्याचीही पद्धत आहे. मला ती आवडत नाही. खाली जाऊन द्यायचे नसेल तर तो आकडा उघड सांगून तिथूनच सुरुवात करावी.

वेळेचेही भान हवे. भाचा दुपारी दोनला बोली बंद करी, म्हणजे घेणारा मिस्त्री गाडीखाली असताना. आता तो रविवारी रात्री नऊला बंद करतो. शेवटच्या क्षणी बोली टाकून पळणारे असतात, म्हणून अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली की पाच मिनिटे वाढवायची, हा नियम त्याने आधीच लिहून ठेवला आहे. ईबेवर प्रत्येकाला आपली कमाल रक्कम आधी टाकून ठेवता येते आणि यंत्र त्याच्या वतीने पायरीपायरीने बोलत जाते. गटात ती सोय नाही, माणूसच जागा पाहिजे. भाड्याचेही आधी सांगावे. वजन करून, ट्रान्सपोर्टने बिल्टी केली तर किती, भाडे पेड की टू-पे, हे बोलीआधी लिहिले नाही तर जिंकलेला माणूस गिअरबॉक्सचे भाडे ऐकून मागे फिरतो आणि दोन नंबरचा तोवर दुसरीकडे घेऊन मोकळा झालेला असतो.

ईबेचे नाव वारंवार आले म्हणून थोडे सांगतो. 1995 मध्ये अमेरिकेत हा ऑनलाइन लिलाव सुरू झाला. आपल्याकडे बाझी डॉट कॉम होते, ते 2004 मध्ये त्यांनी घेतले, आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांची भारतातली बाजारपेठ बंद झाली. देशातल्या देशात लहान माणसाच्या बोलीला आज मोबाईलवरचे गटच उरले आहेत. परदेशात विकण्याचा मार्ग मात्र खुला आहे, आणि आपल्या भंगारातल्या काही गोष्टींना तिकडे कदर आहे. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, त्या घराण्यातले पुष्कळ भाग जगभरच्या जुन्या जीपना लागतात. लॅम्ब्रेटा आणि एनफिल्डचेही तसेच. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो, आणि 2022 पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे काढल्यामुळे लहान पार्सलाचे काम सोपे झाले आहे. मात्र अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली. तिकडच्या गिऱ्हाइकाला कर कोण भरणार हे आधी सांगितले नाही तर पार्सल तिथेच अडकते.

कागदांवर मी कठोर आहे आणि यात भाच्याची आणि माझी अजून पूर्ण एकवाक्यता नाही. इंजिन, चॅसिस, किंवा ज्यावर गाडीचा नंबर कोरला आहे असा कोणताही भाग मूळ मालकाचे लेखी पत्र, आर.सी.ची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती असल्याशिवाय बोलीवर टाकू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांच्या आत कळवायचे असते. लोक कळवत नाहीत, आणि मग दोष तोडणाऱ्यावर येतो. चोरीचा माल घेणे पूर्वी दंडसंहितेच्या 411 कलमात होते, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्यायसंहितेच्या 317 मध्ये आहे. कलम बदलले, गुन्हा तोच. भाचा म्हणतो, दिवे आणि डायल यांना कोण कागद विचारतो? मी म्हणतो, कुणी विचारत नाही म्हणूनच लिहून टाक: ‘अमुक सालची गाडी, मालकाकडून अमुक महिन्यात घेतली, पावती आहे.’ हे एक वाक्य ज्या दिवसापासून त्याच्या जाहिरातीत आले, त्या दिवसापासून परजिल्ह्यातले अनोळखी लोक आधी फोन न करता सरळ बोली लावू लागले. वापरलेले ब्रेकचे पॅड, स्टिअरिंगचे सांधे आणि एअरबॅग मात्र त्याने विकायला काढूच नयेत, असे मी त्याला बजावले आहे. तिथे भाव किती आला हा प्रश्नच नाही, कुणाच्या तरी मुलाबाळांची गाडी आहे.

परवा एका जीपच्या पेट्रोल-काट्याची बोली चालू होती. कोल्हापूरच्या एका माणसाने मागच्या बाजूचा, तारा जोडतात तिथला आणखी एक फोटो मागितला. भाच्याला ते किटकिट वाटले. मी म्हटले, हाच घेणार आहे, बघ. तो उठला, लठ्ठा अंथरला, काटा उलटा ठेवून फोटो काढला. तारेचा एक स्क्रू गंजलेला होता, तोही दिसू दिला. रविवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी काटा कोल्हापूरलाच सुटला, त्याच्या अंदाजापेक्षा तीनशे रुपये वर. लठ्ठा आता इतका तेलकट झाला आहे की तो दुसरा मागायला आला होता. पहिल्या अडीच मीटरचे पैसे माझ्या वहीत अजून उधारच आहेत.